तेरा बरोबऱ्यांचं अजिंक्यपद

सामने ३०, जिंकले १५, बरोबरीत सुटले १३, हरले २. गोल केले ४२, खाल्ले १९. गुण ४३.

इटलीतल्या सर्वांत वरच्या साखळीत, म्हणजे सेरी आमध्ये, १९८४-८५ च्या मोसमाअखेर हेलास वेरोना या क्लबच्या नावापुढे लागलेली ही ओळ. दुसऱ्या आलेल्या तोरिनोचे गुण ३९, तिसऱ्या इंटरचे ३८, चौथ्या सांपदोरियाचे ३७. वेरोनानं त्याआधी ही साखळी कधी जिंकली नव्हती आणि त्यानंतर आजवर जिंकलेली नाही. या मोसमाबद्दल ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांनी विजयांबद्दल लिहिलं. मॅराडोनाला पहिल्याच दिवशी हरवलं ते, युव्हेंतुसला बिनबुटाच्या पायानं गोल मारला ते, उदिनेला झालेला पाच-तीनचा तमाशा. माझी नजर मात्र दर वेळी त्या १३ वर जाऊन थांबते. जिंकलं की दोन गुण आणि बरोबरी झाली की एक, असा तेव्हाचा हिशेब होता. त्या हिशेबानं ४३ पैकी १३ गुण वेरोनानं न जिंकता कमावले, आणि तेवढेच सामने न हरता संपवले. हे अजिंक्यपद त्या तेरांनी मिळवून दिलं, असं मला मनापासून वाटतं.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार, किंवा प्रॅक्टिस क्लब आणि खंडोबा अशी मॅच लागली की घरात माणूस ठरत नाही. आमच्याकडे साखळी सामनेही होतात, पण जीव अडकतो तो चषकाच्या बाद फेरीत. तिथे बरोबरी म्हणजे काहीच नव्हे. टायब्रेकर होतो, एक जण नाचत घरी जातो आणि दुसरा मान खाली घालून. गॅलरीत बसून लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्याला बरोबरीतही कमाई असते हे कोणी सांगून पटलं नसतं. ते पटवलं या एका मोसमानं.

त्या मोसमाशी ओळख झाली ती उलट्या वाटेनं. १९८६ चा मेक्सिकोचा वर्ल्ड कप दूरदर्शनवर आला आणि रात्री जागवून गेला. डेन्मार्कनं उरुग्वेला ६-१ असं धुतलं, त्यात एल्केयर नावाच्या उंच, केस विस्कटलेल्या फॉरवर्डचे तीन गोल. मग अर्जेंटिना आणि पश्चिम जर्मनीची फायनल. सामना संपायला काही मिनिटं उरलेली, २-२, आणि बुरुचागा चेंडू घेऊन एकटा सुटलेला. त्याच्या मागे एक धिप्पाड जर्मन जीव तोडून धावतो आहे आणि पोचत नाही. तो ब्रीगेल. मॅराडोनाच्या त्या वर्ल्ड कपमधून माझ्या डोक्यात ही दोन नावंही घर करून राहिली. पुढे एका जुन्या क्रीडा मासिकात वाचलं की हे दोघे त्याच्या आदल्या वर्षी एकाच क्लबकडून इटलीची साखळी जिंकले होते, आणि तो क्लब मिलानचा नाही, तुरीनचा नाही, रोमचाही नाही. तेव्हापासून हा मोसम माझ्या मागे लागला. आता इंटरनेटवर त्या काळच्या चित्रफिती मिळतात. रंग उडालेले, आवाज खरखरणारा, पण सामने दिसतात.

त्या वर्षी इटलीत कोण कोण खेळत होतं हे पाहिलं तर आजही अंगावर काटा येतो. युव्हेंतुसकडे प्लातिनी आणि बोनिएक. नापोलीत नुकताच आलेला मॅराडोना. इंटरकडे रुमेनिगे आणि ब्रेडी, रोमाकडे फाल्काव आणि सेरेझो, फिओरेंतिनाकडे सॉक्रेटिस आणि पासारेल्ला, सांपदोरियाकडे सूनेस आणि फ्रान्सिस, तोरिनोकडे ज्युनिअर, लाझिओकडे तरुण मायकेल लाउड्रुप. आणि झिको कुठे, तर ईशान्येच्या कोपऱ्यातल्या उदिनेसेत. याचं कारण नियमात होतं. प्रत्येक संघाला परदेशी खेळाडू दोनच घेता येत. आजच्यासारखे एका श्रीमंत क्लबनं जगातले दहा उत्तम खेळाडू गोळा करायचे, हे शक्यच नव्हतं. म्हणून ते सगळे सोळा संघांत विखुरले, आणि संघाचे उरलेले नऊ जण इटलीतूनच निवडायचे असल्यानं कोणाची नजर किती पारखी आहे याला किंमत आली.

वेरोनाच्या वाट्याचे दोन म्हणजे प्रेबेन एल्केयर आणि हान्स-पीटर ब्रीगेल. दोघेही त्याच उन्हाळ्यात आले. एल्केयर बेल्जियममधल्या लोकेरेनकडून, डेन्मार्ककडून युरोपीय स्पर्धेच्या सेमीफायनलमधली पेनल्टी हुकवून. ब्रीगेल कैसरस्लाउटर्नकडून, तो मुळात मैदानी खेळांतला, डेकॅथलॉन करणारा गडी, फुटबॉलकडे नंतर वळलेला. बाकीचे इटालियन बघा. पिएत्रो फान्ना आणि छोटासा गाल्देरिसी हे दोघे युव्हेंतुसमध्ये राहून आलेले, तिथे त्यांना पक्की जागा मिळाली नव्हती. दि जेन्नारो, ब्रुनी आणि साक्केत्ती फिओरेंतिनातून आलेले. कप्तान त्रिचेल्ला इंटरच्या मुलांमध्ये वाढलेला. गोलकीपर गारेल्ला आधी लाझिओत होता आणि तिथे त्याच्या चुकांना लोकांनी त्याच्याच आडनावावरून एक शब्द पाडला होता. व्होल्पाती फुटबॉल खेळता खेळता डॉक्टरकी शिकत होता. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला. मोठ्या क्लबांनी ज्यांच्याकडे पाहून मान हलवली, अशी ही माणसं.

त्यांना एकत्र बांधणारा ओस्वाल्दो बान्योली. जन्म १९३५ चा, मिलानमधल्या बोविझा या कारखान्यांच्या वस्तीतला. स्वतः मिलानकडून आणि पुढे वेरोनाकडूनही खेळलेला. १९८१ मध्ये त्यानं वेरोना हाती घेतलं तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. पहिल्याच वर्षी त्यानं तो वर आणला, पुढच्या वर्षी सेरी आमध्ये चौथा, त्याच्या पुढच्या वर्षी सहावा, आणि दोन्ही वर्षी इटालियन चषकाच्या फायनलपर्यंत. म्हणजे १९८४-८५ काही आकाशातून पडलं नाही. लोक याला परीकथा म्हणतात ते मला म्हणूनच पटत नाही. तीन वर्षं एक माणूस तेच ते शांतपणे करत होता. तो फार बोलत नसे. बॅकनं बॅकचं काम करावं, हाफनं हाफचं, असं तो आपल्या मिलानी बोलीत म्हणायचा, आणि त्याच्या डावपेचांचं सार विचारलं की तिथले लोक अजून हेच वाक्य सांगतात.

१६ सप्टेंबर १९८४. मोसमाचा पहिला रविवार, वेरोनाचं बेन्तेगोदी स्टेडियम, समोर नापोली. जगातला सर्वांत महागडा खेळाडू सेरी आमधला आपला पहिला सामना खेळायला उतरलेला. बान्योलीनं मॅराडोनावर ब्रीगेलला लावलं. ब्रीगेलनं त्याला तर बांधून ठेवलंच, वर स्वतः पुढे जाऊन गोलही केला. सामना ३-१. त्या संध्याकाळी वेरोना तक्त्यात वरच्या रांगेत बसलं आणि मे महिन्यापर्यंत तिथून हललं नाही. अधूनमधून कोणी शेजारी येऊन बसलं असेल, डोक्यावरून पुढे कोणी गेलं नाही.

पाचव्या रविवारी युव्हेंतुस, आदल्या मोसमाचा विजेता. गाल्देरिसीच्या गोलानं वेरोना पुढे होतं आणि सामना शेवटाकडे आला होता. एल्केयरला डाव्या बाजूला लांब चेंडू मिळतो. तो धावतो, स्तेफानो पिओली हा युव्हेंतुसचा तरुण बॅक मागून पाय घालतो. हाच पिओली पुढे कोच म्हणून मिलानला अजिंक्यपद मिळवून देणार आहे, पण ते फार नंतर. एल्केयर अडखळतो. त्याचा उजवा बूट पायातून निघून गवतात पडतो. चित्रफीत थांबवून पाहिली तर त्या क्षणी त्याचं लक्ष एकदाही खाली जात नाही, बूट शोधायला नाही की पंचाकडे दाद मागायलाही नाही. मोजा तसाच मातीत टेकवत तो आत शिरतो, समोर आलेल्याला चकवतो आणि त्याच बिनबुटाच्या उजव्या पायानं चेंडू गोलात मारतो. मग त्याच पायावर लंगडी घातल्यासारखा धावत सुटतो. २-० झालं. हा गोल इटलीत आजही लहान मुलांना ठाऊक असतो. मला त्यात सर्वांत आवडतं ते त्याचं न थांबणं. बूट गेला तर गेला, चेंडू आपल्याकडे आहे ना!

पण त्या गोलाच्या एक रविवार आधी काय झालं होतं आणि एक रविवार नंतर काय झालं, हे कोणी सांगत नाही. आधी मिलान शहरातल्या सान सिरो स्टेडियमवर इंटरशी ०-०. नंतर रोममध्ये रोमाशी ०-०. मग सांपदोरियाशी घरी ०-०. मिलानशी ०-०. कोमोशी ०-०. पहिल्या फेरीच्या, म्हणजे प्रत्येक संघाशी एकदा खेळून होईपर्यंतच्या, पंधरा सामन्यांत पाच गोलशून्य बरोबऱ्या, सहावी बरोबरी अतालांताशी १-१, आणि पंधरा सामन्यांत अंगावर घेतलेले गोल केवळ सात. दुसऱ्या फेरीत नापोलीशी, मिलानशी, कोमोशी पुन्हा ०-०, आणि इंटर, युव्हेंतुस, सांपदोरिया, अतालांताशी १-१. मिलान आणि कोमो यांच्याशी दोन्ही वेळा गोलशून्य, अतालांताशी दोन्ही वेळा एक-एक. या तेरा सामन्यांची यादी मी एकदा कागदावर उतरून काढली आणि तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. इंटर, सांपदोरिया, मिलान हे सगळे त्या मोसमात वरच्या पाच-सहांत आलेले संघ. या तिघांशी वेरोना सहा वेळा खेळलं. सहाही वेळा बरोबरी. त्यांना एकदाही हरवलं नाही, पण त्यांनाही एकदाही जिंकू दिलं नाही. मागून येणाऱ्याला दोन गुण मिळू न देणं, साखळीत याला किती मोल आहे हे आम्हा बाद फेरीवाल्यांना कळायला वेळ लागतो.

बरोबरी म्हटलं की लोकांना वाटतं दहा जण गोलासमोर भिंत करून उभे राहिले आणि वेळ काढला. वेरोनाच्या त्या बरोबऱ्या तशा नव्हत्या. फोन्तोलान आणि फेर्रोनी समोरच्या दोन फॉरवर्डना चिकटून. त्यांच्या मागे एकटा त्रिचेल्ला, मोकळा, मान वर करून सगळं मैदान वाचणारा. चेंडू निसटला की तो तिथे आधीच पोचलेला. डावीकडून मारांगोन मिळेल तेव्हा वर जायचा आणि त्याची मोकळी झालेली जागा व्होल्पाती न सांगता भरून काढायचा. दि जेन्नारोच्या पायात चेंडू आला की खेळाची गती तो ठरवायचा. पुढे फान्ना उजवीकडून सुसाट, गाल्देरिसी बॅकच्या पायांत घुसणारा. म्हणजे संघ पुढे जायचा, पण परत येताना एकही जण चालत येत नसे. गोलकीपरकडे चेंडू पायानं मागे दिला तर तो हातात घेता येत असे तेव्हा. तो नियम १९९२ मध्ये बदलला. त्यामुळे दम घ्यायचा असेल तर त्रिचेल्ला चेंडू गारेल्लाकडे द्यायचा, गारेल्ला तो उचलून छातीशी धरायचा आणि दहा जण आपापल्या जागी परतायचे.

या गारेल्लाबद्दल थोडं थांबून लिहायलाच हवं. हातांपेक्षा पायांनी गोल वाचवणारा असा गोलकीपर मी दुसरा पाहिला नाही. समोरून जोरात शॉट यायचा आणि हा झेप न घेता गुडघा, नडगी, बुटाची कड, जे मिळेल ते मध्ये घालायचा. पाठ्यपुस्तकाप्रमाणे त्यात काहीच बरोबर नव्हतं. पण चेंडू बाहेर जायचा. रोममधल्या त्या ०-० चं नाव निघालं की तिथले लोक अजून त्याचंच नाव घेतात. लाझिओत ज्याच्या चुकांना नाव पडलं, तोच रोमच्या त्याच ऑलिंपिक स्टेडियमवर उभा राहिला आणि एकही गोल आत जाऊ दिला नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. बातमी वाचून मी त्या मोसमातले त्याचे वाचवलेले गोल पुन्हा काढून पाहिले.

त्या काळी सगळे सामने रविवारी दुपारी, एकाच वेळी सुरू व्हायचे. इटलीच्या सरकारी रेडिओवर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर उड्या मारणारं धावतं वर्णन असायचं. मध्येच एखादा समालोचक दुसऱ्याला तोडून गोल झाल्याचं सांगायचा आणि देशभरच्या स्वयंपाकघरांत, गाड्यांत, बाकांवर लोक श्वास धरायचे. त्यांच्या खिशात तोतोकाल्चोची, म्हणजे सामन्यांच्या निकालांवरच्या पैजेची, चिठ्ठी असायची. तेरा सामने, प्रत्येकापुढे १, २ किंवा फुली. घरच्या संघाचा विजय म्हणजे १, पाहुण्यांचा म्हणजे २, बरोबरीला फुली. तेरा बरोबर आले की नशीब उघडलं. त्या वर्षी वेरोनाच्या नावापुढे फुली करणाऱ्यांच्या बऱ्याच फुल्या बरोबर आल्या असणार.

पहिला पराभव पहिल्या फेरीच्या शेवटच्या सामन्यात झाला. आवेल्लिनो हे दक्षिणेतलं डोंगरातलं गाव, तिथे २-१. तरीही अर्धा मोसम संपताना वेरोना सर्वांच्या पुढे होतं. मग फेब्रुवारीत उदिने. ज्या संघाची सगळी किमया गोल न खाण्यात होती, तो तिथे ३-० असा पुढे गेला आणि बघता बघता ३-३ झालं. अशा वेळी संघ मोडतात. वेरोनानं आणखी दोन गोल केले आणि ५-३ नं सामना घेतला. हा सामना मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानं सिद्ध केलं की यांना बरोबरीच जमते असं नाही. जिथे बरोबरी पुरेशी नव्हती तिथे त्यांनी ती घेतली नाही. त्यानंतर फिओरेंतिनाला त्यांच्या घरात ३-१.

दुसरा पराभव जिव्हारी लागणारा होता. मोसमाचे पाच सामने उरलेले, पाठलाग करणारं तोरिनो बेन्तेगोदीवर आलं आणि २-१ नं जिंकून गेलं. अंतर कमी झालं. दुसरं कोणी असतं तर पुढच्या रविवारी सान सिरोवर जाऊन घाईनं जिंकायला धावलं असतं. बान्योलीच्या संघानं काय केलं? मिलानशी ०-०. मग लाझिओला घरी १-० नं हरवलं. मग कोमोत ०-०. या तीन सामन्यांत केलेला गोल एक आणि खाल्लेला एकही नाही, आणि गुण चार. इथे मला या संघाबद्दल जे प्रेम वाटतं त्याचं मूळ आहे. हरल्यावरही त्यांनी आपला खेळ बदलला नाही.

१२ मे १९८५, बेर्गामो. आता एक गुण पुरे होता. वेरोनाहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं गाव, आणि पिवळे-निळे झेंडे घेऊन अख्खं शहर तिकडे लोटलेलं. अतालांताच्या पेरिकोनं पहिल्या अर्ध्यात गोल केला. दुसरा अर्धा सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना एल्केयरनं बरोबरी साधली, आणि १-१ वरच सामना संपला. अजिंक्यपदाचा सामनाही बरोबरीतच सुटला याचा मला जो आनंद आहे तो शब्दांत सांगता यायचा नाही. पुढच्या रविवारी बेन्तेगोदीवर आवेल्लिनोला ४-२ नं हरवलं, पहिल्या पराभवाची परतफेड झाली आणि मग शहरात जल्लोष झाला.

या मोसमाबद्दल एक गोष्ट हमखास काढली जाते. त्या वर्षी पंच नेमायची पद्धत बदलली होती. कोणत्या सामन्याला कोणता पंच हे एरवी एक माणूस ठरवायचा. त्या मोसमात मात्र चिठ्ठ्या टाकून ठरलं. पुढच्या वर्षी ती पद्धत गुंडाळली गेली. यावरून लोक म्हणतात की मोठ्या क्लबांना सांभाळून घेणारे पंच नव्हते म्हणून वेरोना जिंकलं. यातला पूर्वार्ध विचार करायला लावणारा आहे हे मी मान्य करतो. १९८० मध्येच सट्टेबाजीच्या प्रकरणात मिलान आणि लाझिओ यांना खालच्या श्रेणीत ढकललं गेलं होतं, इटलीच्या फुटबॉलवरचा विश्वास डळमळलेला होता, आणि चिठ्ठ्यांचा उपाय त्यातूनच पुढे आला. पण चिठ्ठीनं पंच येतो, त्रिचेल्ला येत नाही. तीस सामन्यांत १९ गोल खाणं हे पंचाच्या शिट्टीनं होत नाही. चिठ्ठीनं इतकंच केलं असेल की मैदान सपाट ठेवलं, आणि सपाट मैदानावर कोण चांगलं खेळतं ते दिसलं.

काही वर्षांपूर्वी मिलानला जाणं झालं तेव्हा मी रेल्वेनं वेरोनाला गेलो. प्रवासी तिथे दोन गोष्टींसाठी जातात, रोमन काळातलं अरीना आणि ज्युलिएटची गॅलरी. मी आधी बेन्तेगोदीकडे चालत गेलो. सामना नव्हता, दारं बंद होती. जवळच्या एका कॉफीच्या दुकानात काउंटरमागे त्या संघाचा फोटो होता, छातीवर कॅनन लिहिलेले निळे शर्ट. मी बोटानं दाखवून एल्केयर म्हटलं. दुकानातले वयस्क गृहस्थ हातातलं फडकं बाजूला ठेवून उभे राहिले आणि म्हणू लागले: गारेल्ला, फेर्रोनी, मारांगोन, त्रिचेल्ला, फोन्तोलान, ब्रीगेल, फान्ना, व्होल्पाती, गाल्देरिसी, दि जेन्नारो, एल्केयर. शाळेत पाढे म्हणावेत तशा ठेक्यात, एकही नाव न चुकता. शेवटचं नाव मी त्यांच्यासोबत म्हणालो. कॉफीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

त्याच शहराबद्दल दुसरं लिहिलं नाही तर ते खोटं ठरेल. बेन्तेगोदीच्या गॅलरीतल्या एका गटानं वर्षानुवर्षं दक्षिणेच्या लोकांना आणि काळ्या खेळाडूंना हीन शिव्या दिल्या आहेत. २०१९ मध्ये बालोतेल्ली या काळ्या इटालियन फॉरवर्डनं वैतागून चेंडू उचलून त्यांच्याकडे भिरकावला होता तो तिथेच. पेठेपेठेतली ईर्षा मी जवळून पाहिली आहे, तिच्यात मीही घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. पण माणसाच्या जन्मावर घसरणं ही ईर्षा नव्हे. बान्योलीच्या संघावर जीव लावणाऱ्यानं हे बोलून दाखवलं पाहिजे, कारण तो संघ त्या गटाचा नव्हता.

मोसम संपला १९ मे १९८५ ला. दहा दिवसांनी ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर युव्हेंतुस आणि लिव्हरपूलच्या फायनलआधी ३९ माणसं चेंगरून मेली, बहुतेक इटालियन. इटलीत वेरोनाचा आनंद त्या दुःखाखाली दबून गेला, आणि ते साहजिकच होतं. त्याचाच एक धागा पुढे वेरोनापर्यंत आला. त्या शरद ऋतूत वेरोना पहिल्यांदा युरोपियन कप खेळलं, ग्रीसच्या पाओकला हरवलं आणि दुसऱ्या फेरीत गाठ पडली युव्हेंतुसशीच. घरी ०-०. तुरीनमधला सामना हेझेलच्या शिक्षेमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये झाला आणि तिथे ०-२ हरून वेरोना बाहेर पडलं. तोवर संघ फुटायला लागला होता. फान्ना आणि मारांगोन इंटरकडे गेले, गारेल्ला नापोलीकडे. १९८७ मध्ये नापोलीनं आपलं पहिलं अजिंक्यपद जिंकलं तेव्हा मॅराडोनाच्या मागे गोलात हाच गारेल्ला होता. वेरोना १९९० मध्ये खाली घसरलं. १९८५ नंतर सेरी आ जिंकलेला प्रत्येक क्लब कुठल्या ना कुठल्या प्रांताच्या राजधानीचा आहे: मिलान, तुरीन, रोम, नेपल्स, जेनोवा. वेरोना तशी राजधानी नाही. त्या प्रांताची राजधानी व्हेनिस.

बान्योली १९९० पर्यंत वेरोनाला होता. पुढे जेनोआ या क्लबला त्यानं चौथ्या क्रमांकावर नेलं आणि १९९२ मध्ये लिव्हरपूलला त्यांच्या ॲनफिल्डवर हरवलं. मग इंटरनं त्याला बोलावलं. पहिल्या मोसमात दुसरा क्रमांक आला, आणि तरी १९९४ च्या फेब्रुवारीत, हरण्याची एक मालिका लागल्यावर, त्याला काढून टाकण्यात आलं. तेव्हा तो ५८ वर्षांचा होता. त्यानंतर त्यानं पुन्हा कोणताही संघ घेतला नाही. त्याच्या पुढच्याच मोसमापासून, १९९४-९५ पासून, इटलीत विजयाला तीन गुण मिळू लागले.